परतीची खिडकी

मोरघाट हे नदीकाठचे बाजाराचे गाव. तिथे हैबती नावाचा एक शिंपी राहत होता. नाव हैबती, पण अंगाने सुतासारखा बारीक. त्याच्या दुकानात अकरा माणसे कामाला होती. लग्नाचे अंगरखे, नवरीच्या चोळ्या, बाळांच्या कुंच्या असे सगळे तिथे शिवले जाई. लग्नसराईत दुकानाबाहेर पार गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागायची.

हैबती मनाने चांगला होता, पण मानी फार. "आपण कुणाचं काही घेतलं नाही," हे वाक्य तो दिवसातून दोनदा तरी म्हणे. दुकानातली सगळ्यात जुनी कारागीर ठकूआत्या. ती हैबतीच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे काजे करत होती. ती म्हणे, "घेतलं नाहीस, कारण वेळ आली नाही."

एका वर्षी ती वेळ आली.

खोकल्याची साथ आली. आधी नदीपलीकडच्या गावांत, मग मोरघाटात. माणसे अंथरुणाला खिळू लागली. वैद्यांनी सांगितले, गर्दी थांबवली नाही तर साथ थांबणार नाही. त्या राज्याची राणी हिरावती हुशार होती, तिचा राजवाडा मोरघाटातच होता. तिने दुसऱ्याच दिवशी बाजार, जत्रा, लग्ने, नावा सगळे बंद करायला लावले. सगळे गाव घरात बसले.

मग राणीने खजिनदाराला बोलावले.

"बाजार मी बंद केला," ती म्हणाली. "आता लोकांच्या चुली चालू ठेवणं हेही माझंच काम."

तिने हुकूम काढला. ज्या ज्या दुकानावर पाटी आहे, त्या दुकानातल्या कामगारांचा अर्धा पगार साथ संपेपर्यंत खजिन्यातून मिळेल. मालकाने जमेल तेवढी भर घालावी. अट एकच, कुणालाही कामावरून काढायचे नाही. ज्याला मदत हवी असेल त्याने खजिन्याच्या खिडकीवर येऊन नाव सांगावे.

गावातले दुकानदार गेले. हैबती गेला नाही.

त्याने साठवलेल्या पैशांतून पहिला महिना काढला. दुसऱ्या महिन्यात ते सरले. लग्नेच नव्हती, तर अंगरखे कोण शिवणार? त्याने ठरवले, आता तिघांना घरी बसायला सांगायचे. तो सांगायला निघाला आणि सगळ्यात आधी ठकूआत्याच्या दारात गेला. साथीच्या नियमाप्रमाणे तो अंगणात उभा राहिला आणि आत्या उंबऱ्यावर.

"आत्या, दुकानात काही उरलं नाही. तिघांना कमी करावं लागेल."

"राणीसाहेबांची मदत?"

"मी कुणापुढे हात पसरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

आत्या म्हणाली, "हैबती, हात तुझा पसरायचा आहे, पोट आमचं आहे. तुझा मान सांभाळायला आम्ही किती दिवस उपाशी राहायचं, तेवढं एकदा सांगून जा."

तो अंगणातूनच मागे फिरला आणि थेट खजिन्याच्या खिडकीवर गेला. खिडकीत त्र्यंबकपंत कारकून बसले होते. हैबतीने खाली मान घालून नाव सांगितले. पंतांनी ते वहीत लिहिले आणि म्हणाले, "एवढे दिवस कुठं होतात? तुमची जागा मोकळीच ठेवली होती."

त्या दिवसापासून अकरा घरांत वेळेवर पगार जाऊ लागला. कुणालाही कमी करावे लागले नाही. हैबतीला सुरुवातीला अवघड वाटले. पण आत्याच्या घरातून भाकरीचा वास येऊ लागला, तेव्हा ते अवघडलेपण बरेच कमी झाले.

पुढच्या महिन्यात एक गंमत झाली. वैद्यांनी नवा सल्ला दिला. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने नाकातोंडावर दुहेरी कापडाची पट्टी बांधावी. आता एवढ्या पट्ट्या शिवणार कोण? राजवाड्याचा माणूस हैबतीकडे आला. पहिली मागणी दोन हजारांची होती, दुसरी पाच हजारांची. मग शेजारच्या गावांतूनही माणसे येऊ लागली.

हैबती दिवसभर कापड बेतायचा. मग गठ्ठे पाठीवर टाकून अकरा घरांच्या ओट्यांवर ठेवून यायचा. संध्याकाळी शिवलेल्या पट्ट्या गोळा करायचा. कारागिरांना पूर्ण पगार मिळू लागला, वर थोडा जास्तच. आत्या म्हणाली, "जन्मभर काजं केली. आता काजाशिवायचं कापड शिवतेय. डोळ्यांना सुट्टी मिळाली."

काम असे जोरात चालू असतानाच महिना संपला. राजवाड्याचा स्वार आला आणि हैबतीच्या दारात कारागिरांच्या अर्ध्या पगाराची थैली ठेवून निघाला.

"अहो, थांबा," हैबती म्हणाला. "ही आता कशाला? माझ्याकडे काम आहे."

"यादीत नाव आहे."

"नाव आहे, पण गरज नाही."

"मला थैल्या पोचवायला सांगितलंय, गप्पा मारायला नाही," असे म्हणून स्वाराने घोडा पुढे काढला.

समोरच्या माडीवरून लखमशेट हे सगळे बघत होता. त्याचे सुंठ, हळद आणि मधाचे दुकान होते. साथीत सगळ्या गावाला काढा करायचा होता, त्यामुळे त्याचा माल पुरत नव्हता.

"अरे, ठेव की!" लखमशेट वरून ओरडला. "मलाही येते. दर महिन्याला येते. आपण काही चोरी केली नाही. पाटी आहे, नाव आहे, थैली आली. संपलं."

लखमशेटचे म्हणणे खोटे नव्हते. हुकमात कुठेच लिहिले नव्हते की काम मिळाले तर थैली परत करा. हैबतीने थैली उचलून घरात ठेवली. त्याच्या मनात एक गोष्ट बरीच वर्षे होती. त्याच्या दुकानाला लागून, बाजाराच्या अगदी चौकात एक गाळा रिकामा होता. तो मिळाला तर दुकानाचे तोंड मोठ्या रस्त्याकडे होणार होते. पट्ट्यांच्या कमाईत ही थैली घातली की गाळ्याचा बयाणा सहज जमत होता. हैबतीने मनात तिथे कपाटेही लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी तो गठ्ठे घेऊन घाटावरून चालला होता. घाट सुनासुना होता. नावा उलट्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत हमाल लांब लांब बसले होते. त्यांचा पुढारी दौलती मोठा उमदा गडी. एके काळी तो दोन पोती दोन खांद्यांवर टाकून पायऱ्या चढायचा आणि वर गाणेही म्हणायचा.

हैबतीला बघून तो उठला. "मालक, त्या गठ्ठ्यात वजन आहे का हो?"

"आहे थोडं. का रे?"

"नुसता उचलून बघू द्या. खांदे काम विसरायला लागलेत."

सगळे हमाल हसले. हैबतीही हसला. पण दौलतीने गठ्ठा उचलला तेव्हा हैबतीने पाहिले, त्याच्या दंडावरचे मांस उतरले होते. गालही आत गेले होते.

"दौलती, तुम्हाला राणीसाहेबांची थैली येते ना?"

"आम्हाला कुठली? पाटी असलेल्या दुकानाला मिळते. आम्ही पाटी कुठं लावायची, पाठीवर?"

पुन्हा सगळे हसले. या वेळी हैबतीला हसू आले नाही.

"मग घरी कसं चाललंय?"

"एक दिवस चूल पेटते, एक दिवस विसावा घेते," दौलती म्हणाला. "पोरांना वाटतं, दर दिवसाआड एकादशी आहे. देव खूश असेल आमच्यावर."

हैबतीने त्याला गठ्ठे पोचवायचे काम दिले आणि त्याची मजुरीही ठरवली. दौलतीने ते आनंदाने घेतले. पण घाटावर चाळीस हमाल होते. शिवाय नावाडी होते, धार लावणारे होते, जत्रेत पाळणे फिरवणारे होते. सगळ्यांना देण्याएवढे गठ्ठे हैबतीकडे नव्हते.

तो घरी आला. जेवायला बसला, पण त्याचे लक्ष जेवणात नव्हते. समोर ताट होते आणि कोनाड्यात थैली. त्याला दोन्ही एकाच वेळी दिसत होती. घास तसाच ठेवून तो उठला. थैली काखेत घातली आणि बाहेर पडला.

माडीवरून लखमशेटने विचारले, "गाळ्याचा बयाणा द्यायला निघालास वाटतं?"

"नाही," हैबती म्हणाला, "थैली परत करायला."

लखमशेटच्या हातातला काढा सांडला.

खजिन्याच्या खिडकीवर त्र्यंबकपंत होते. हैबतीने थैली पुढे सरकवली.

"ही परत घ्या."

पंतांनी थैलीकडे पाहिले. मग हैबतीकडे पाहिले. मग वहीची सगळी पाने उलटून पाहिली. "देण्याची वही आहे," ते म्हणाले. "परत घेण्याची नाही."

"मग देण्याच्या वहीत उलटं लिहा."

"उलटं लिहिता येत नाही. तीस वर्षांत कुणी परत आणलं नाही, तर वही कशाला ठेवायची? तुम्ही आत जाऊन खजिनदारसाहेबांना भेटा."

खजिनदारसाहेबांना वाटले, यात काहीतरी गोम आहे. त्यांनी थैली उघडली. एक नाणे उचलले आणि खरे की खोटे बघायला दातांकडे नेले. तेवढ्यात दारावरचा शिपाई ओरडला, "साहेब, तोंडाला हात नको! साथ आहे!"

खजिनदारसाहेबांनी घाईघाईने नाणे खाली ठेवले आणि हात धुतले. मग म्हणाले, "खरं सांगा. तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही, साहेब. माझं भागतंय."

"भागतंय म्हणून कुणी परत देतं होय?"

खजिनदारसाहेबांना काय करावे ते सुचेना. शेवटी त्यांनी हैबतीला राणीपुढेच उभे केले. राणी अंगणात कडुलिंबाखाली बसली होती. येणारी माणसे तिच्यापासून दहा हात लांब उभी राहत. तिच्याही नाकातोंडावर पट्टी होती. हैबतीने लांबूनच टाके ओळखले. ती ठकूआत्याच्या हातची होती.

राणीने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ही थैली तुम्ही ठेवली असती तर आम्हाला कळलंही नसतं. हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, राणीसाहेब."

"आणि तुम्हाला पैशांची काहीच गरज नव्हती?"

हैबती खोटे बोलणारा नव्हता. "चौकातला गाळा घ्यायचा होता," तो म्हणाला. "पण ही थैली माणसं उपाशी राहू नयेत म्हणून निघाली आहे. माझी माणसं आता पोटभर जेवतात. घाटावरची जेवत नाहीत. त्यांना पाटी नाही, म्हणून ती यादीत नाहीत. दौलती हमाल मला म्हणाला, पाटी काय पाठीवर लावू?"

राणीने वळून राजवाड्याच्या खिडकीकडे पाहिले.

"मी हुकूम लिहिला तेव्हा खिडकीतून बाजार बघत होते," ती हळूच म्हणाली. "खिडकीतून पाट्या दिसल्या. पाठी दिसल्या नाहीत. चूक माझी आहे."

खजिनदार चाचरत पुढे आले. "राणीसाहेब, हमाल, नावाडी, सगळ्यांना यादीत घेतलं तर दोन महिन्यांत खजिना रिकामा होईल. साथ तर अजून संपलेली नाही."

"हैबतींसारखे आणखी असतील की. ज्यांचं काम सुरू झालं, त्यांना परत द्यावंसं वाटलं तर खिडकी नको का?" राणी म्हणाली. "आजच परतीची खिडकी उघडा. कुणावर जबरदस्ती नको, आणि कुणाला प्रश्नही विचारू नका. हमालांची नावं मात्र उद्याच लिहून घ्या. सुरुवात याच थैलीने करा."

मग ती हैबतीकडे वळली. "तुम्हाला काय हवं?"

अंगणातल्या माणसांना वाटले, हा आता गाळाच मागणार. हैबती म्हणाला, "एकच विनंती आहे. आज मी परत देतोय म्हणून उद्या माझ्यासाठी खिडकी बंद करू नका. आज काम आहे, उद्या नसेल. तेव्हा मी पुन्हा येईन."

"खिडकी बंद होणार नाही," राणी म्हणाली. "माझा शब्द आहे."

परतीची खिडकी उघडली. त्र्यंबकपंतांनी नवी कोरी वही आणली आणि पहिल्या पानावर झोकदार अक्षरात हैबतीचे नाव लिहिले. चार दिवस दुसरे कुणी आले नाही. पंत माश्या मारत बसले. पाचव्या दिवशी गूळवाला आला. सहाव्या दिवशी वैद्यांना बाटल्या पुरवणारा काचवाला आला. कुणी मनापासून आले, कुणाला बायकोने पाठवले, कुणी शेजारी गेला म्हणून गेले. कारण काहीही असो, वहीची पाने भरू लागली.

आठव्या दिवशी भर दुपारी, रस्ता रिकामा बघून, लखमशेट आला. थैली त्याने शालीखाली दडवली होती. इकडेतिकडे बघत तो कुजबुजला, "पंत, लवकर घ्या. कुणी बघायला नको."

पंतांना हा प्रसंग इतका आवडला, की त्यांनी सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, "लखमशेट सुंठवाले! थैल्या दोन, परत!"

चौकातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्याच माड्यांवरून टाळ्या वाजू लागल्या. लखमशेट आधी लाजला, मग शाल नीट करून ताठ चालू लागला. त्या दिवसापासून तो माडीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "अरे, गरज नाही तर ठेवायची कशाला? मी तर म्हणतो, परत करावी!" हैबती खालून ऐकायचा आणि पट्ट्या बेतत हसायचा.

घाटावर चाळीस हमालांच्या घरी रोज चूल पेटू लागली. नावाड्यांची नावे लिहिली गेली, धार लावणाऱ्यांची लिहिली गेली, पाळणेवाल्यांचीही. चौकातला गाळा मात्र एका कासाराने घेतला. हैबतीला दोन दिवस वाईट वाटले. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांची नवी मागणी आली आणि तो ते विसरला.

असे दोन महिने गेले. साथ ओसरू लागली. घराघरांत पुरेशा पट्ट्या झाल्या. एक दिवस राजवाड्याचा माणूस येऊन म्हणाला, "आता पट्ट्या नकोत." पण लग्नांना अजून परवानगी नव्हती. वैद्य म्हणत होते, आणखी महिनाभर थांबा. हैबतीचे दुकान पुन्हा रिकामे झाले. जवळचा पैसा त्याने कापडात घातला होता, आणि ते कापड तसेच पडून होते.

ठकूआत्याला काळजी वाटली. आता याचा मान पुन्हा आडवा येणार. परत केलेले पुन्हा मागायचे म्हणजे लोक हसतील, असे याला वाटणार. याला काय बोलावे, हे मनात जुळवत ती सकाळीच त्याच्याकडे निघाली. दुकानाला कुलूप होते.

हैबती आधीच खिडकीवर गेला होता.

खिडकीपुढे रांग होती. यादी वाढल्यापासून थैल्या घरी न जाता इथेच मिळत. दोन-दोन हात अंतर सोडून माणसे उभी होती. सगळ्यात पुढे दौलती होता. हैबतीला बघताच तो बाजूला झाला.

"मालक, तुम्ही पुढं या. तुमच्यामुळे तर आम्ही या रांगेत आहोत."

रांगेतली सगळी माणसे मागे वळून बघू लागली. लखमशेट परतीच्या खिडकीजवळ उभा होता, तोही बघू लागला. पूर्वीचा हैबती असता तर तोंड लपवून घरी गेला असता. हा हैबती हसला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"तू आधी आलास, तू आधी घे," तो म्हणाला. "आज मलाही हवी आहे, दौलती. माझ्याकडे अकरा घरं आहेत."

त्याचा नंबर आला. पंतांनी देण्याची वही उघडली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "या हैबतीशेट, राणीसाहेबांनी शब्द दिला आहे."

हैबतीने थैली घेतली. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

महिन्याभराने बाजार उघडला. अडलेली लग्ने एकदम निघाली. कितीतरी गावांतल्या शिंप्यांची माणसे पांगली होती, पण हैबतीची अकराच्या अकरा माणसे सुई-दोरा घेऊन तयार होती. पहिली नाव घाटाला लागली. हमालांनी कापडाचे तागे खांद्यावर घेतले. सगळ्यात मोठा तागा दौलतीने उचलला आणि पायऱ्या चढता चढता मोठ्या आवाजात गाणे म्हणायला सुरुवात केली. गाणे पार बेसूर होते, पण अख्खा बाजार काम थांबवून ऐकत राहिला.

तात्पर्य: गरज असताना मदत घ्यायला लाजू नये, आणि गरज सरल्यावर ती ज्याला हवी आहे त्याच्यासाठी सोडायला कचरू नये.